इंग्रजी उच्चार आणि मराठी जिभेच्या सवयी

परदेशी रुग्णालयात परिचारिका म्हणून जाऊ इच्छिणाऱ्या अथवा तेथील विद्यापीठात प्रवेश घेऊ पाहणाऱ्या मराठी तरुण-तरुणींना इंग्रजी भाषेची परीक्षा द्यावी लागते. १९८९ पासून घेतली जाणारी आयईएलटीएस ही त्यांतील सर्वांत परिचित परीक्षा होय. तिचा तोंडी भाग ११ ते १४ मिनिटांचा असतो. बोलण्यातील ओघ, शब्दसंपत्ती, व्याकरण आणि उच्चार या चार निकषांवर सारखेच गुण दिले जातात. ब्रिटनच्या परिचारिका परिषदेने २०१८ च्या अखेरीस लेखनाची अट ७ वरून ६.५ वर आणली. बोलण्याची अट मात्र ७ च ठेवली. व्याकरण पक्के असूनही उच्चारांपायी अर्ध्या गुणाने मागे राहणे म्हणजे पुन्हा शुल्क भरणे आणि नोकरीची संधी लांबणे.

इंग्रज माणसासारखे बोलता आले पाहिजे, ही समजूत प्रथम दूर केली पाहिजे. मातृभाषेची छटा दिसली म्हणून गुण जात नाहीत. ऐकणाऱ्यास शब्द उमगला नाही किंवा तो समजण्यास प्रयास पडले, तर जातात. म्हणून कोणत्या चुकीने अर्थ बिघडतो, हे पाहून श्रमांची वाटणी करणे इष्ट. पुष्कळ शिकवणी वर्गांत ‘थिंक’ व ‘दॅट’ यांतील पहिल्या व्यंजनांवर आठवडे खर्ची पडतात. आपला दंत्य ‘थ’ किंवा ‘द’ तेथे वापरला तरी बहुधा शब्द ओळखता येतो. एवढा वेळ आघाताला दिला तर लाभ अधिक.

आघात म्हणजे शब्दातील एका अवयवावर पडणारा जोर. मराठीत आघात बदलल्याने सहसा अर्थ बदलत नाही, म्हणून त्याकडे आपले लक्ष जात नाही. इंग्रजीत शब्दाची ओळखच त्यावर अवलंबून असते. ‘फोटोग्राफ’मध्ये तो पहिल्या अवयवावर, ‘फटॉग्रफर’मध्ये दुसऱ्यावर, तर ‘फोटग्रॅफिक’मध्ये तिसऱ्यावर येतो, आणि आघात नसलेले स्वर बहुधा ‘अ’कडे झुकतात. हा ‘अ’ मराठीला परका नाही. अडचण एवढीच की, लिहिलेले प्रत्येक अक्षर पूर्ण उच्चारण्याची देवनागरीची शिस्त आपण इंग्रजीलाही लावतो. पंचायत समितीच्या कचेरीत रोज कानी पडणारा ‘डेव्हलपमेंट’ हा शब्द इंग्रजीत ‘डि-व्हे-लप्-मन्ट’ असा, ‘व्हे’वर जोर देऊन उच्चारला जातो. ‘कमिटी’तही जोर ‘मि’वर असतो. शब्दकोशात आघातयुक्त अवयवापूर्वी वरच्या बाजूस लहान उभी रेघ असते. अर्थ पाहताना तीही पाहावी.

संख्यांच्या बाबतीत ही गोष्ट परीक्षेपुरती राहत नाही. ‘फिफ्टी’मध्ये जोर पहिल्या अवयवावर असतो, ‘फिफ्टीन’ सुटा उच्चारताना तो ‘टीन’वर येतो व तेथील ‘ई’ दीर्घ राहते. औषधाची मात्रा तोंडी सांगताना १५ चे ५० ऐकू आले तर काय घडेल, हे सांगावयास नको.

ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मराठी माणूस लिहिताना कसोशीने पाळतो, बोलताना तितका पाळत नाही. इंग्रजीत ‘पिल’ म्हणजे गोळी आणि ‘पील’ म्हणजे सोलणे. येथे केवळ लांबी वाढवून भागत नाही; दीर्घ स्वराला ओठ किंचित ताणावे लागतात.

काही दोष आपल्या लिपीनेच जोपासले आहेत. ‘व्हॅन’ व ‘वॉच’ यांतील व्यंजने निराळी आहेत हे ओळखून मराठीने पहिल्यासाठी ‘व्ह’ लिहिण्याचा प्रघात पाडला. परंतु त्यातील ‘ह’ इंग्रजीत नाही. वरचे दात खालच्या ओठास टेकवून आवाज सलग सोडला की ‘व्हॅन’मधील ध्वनी साधतो; ‘वॉच’साठी दात न टेकवता ओठ गोल करावे लागतात. ‘झू’ आणि ‘झेब्रा’ यांची गत तशीच. तेथे महाप्राण नको, भुंग्याच्या गुंजारवासारखा अखंड ध्वनी हवा. ‘जावई’तील ‘ज’ त्याच्या बराच जवळ आहे. मात्र जीभ दंतमूलाशी न अडवता हवा वाहू द्यावी. ‘डॉग्ज’, ‘इज’ अशा शब्दांच्या शेवटी हाच ध्वनी येतो आणि तेथे बहुतेक जण ‘स’ उच्चारतात. भूतकाळी रूपांत याच्या उलट घडते : ‘वॉक’चे ‘वॉक्ड’ नव्हे, ‘वॉक्ट’ होते.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत २००० पासून पहिलीपासूनच इंग्रजी आले आहे. तेव्हा हा सराव परीक्षेच्या आदल्या महिन्यावर न ठेवता शाळेतच सुरू करता येईल. त्यास यंत्रसामग्री लागत नाही. एका विद्यार्थ्याने फळ्याकडे पाठ करून १३, ३०, १५, ५० अशा संख्या, अथवा ‘पिल’-‘पील’सारख्या जोड्या क्रम बदलून उच्चाराव्यात, इतरांनी ऐकू आले ते लिहावे. वर्गाने चुकीचे लिहिले तर बहुधा उच्चार अस्पष्ट होता असे समजावे. मात्र लिहिणाऱ्यांचे कानही त्याच सवयीचे असतात. म्हणून आठवड्यातून एकदा इंग्रजी बातमीपत्रातील चार वाक्ये ऐकवून, तीच वाक्ये विद्यार्थ्याच्या आवाजात मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावीत आणि दोन्ही लागोपाठ ऐकवावीत.