कूलरची टाकी, फ्रीजचा ट्रे आणि डेंग्यू

होळी झाली की आपल्या विदर्भात घरोघरी माळ्यावरचे कूलर खाली उतरतात. गवत बदलले जाते, टाकी धुतली जाते आणि नवतपा संपून मृगाचा पाऊस पडेपर्यंत तो कूलर रात्रंदिवस घरघरत असतो. एकदा का पाऊस लागला, की मात्र त्याच्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नाही. फ्रीजचेही तसेच. दार पुसले जाते, वर छानसे आच्छादन घातले जाते. पण त्याच्या पाठीमागे काय आहे, हे घरातल्या कोणालाच ठाऊक नसते.

या आठवड्यात घरातील यंत्रांच्या सफाईविषयी सांगणार आहे. ही सफाई शोभेसाठी नाही, आजार टाळण्यासाठी आहे. आणि आजार म्हणजे डेंग्यू.

स्वच्छ घरातील डास

गेल्या पावसाळ्यात दहा वर्षांचा एक मुलगा तापाच्या चौथ्या दिवशी माझ्याकडे आला. तपासणीत डेंग्यू निघाला. आई दुखावल्या स्वरात म्हणाली, "डॉक्टर, आमच्या घरात कचऱ्याचा कण सापडणार नाही. डबकं तर लांबच राहिलं." तिचे म्हणणे खरेच होते. दोन दिवसांनी आरोग्य कर्मचारी घरी गेले. त्यांनी पाण्याचे ड्रम, कुंड्या, गच्ची पाहिली. काही सापडले नाही. शेवटी फ्रीज पुढे ओढला. मागच्या बाजूला, खाली, कॉम्प्रेसरच्या वर असलेल्या ट्रेमध्ये बोटभर पाणी होते आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. मुलगा पाच दिवस रुग्णालयात राहून बरा झाला. प्रत्येक रुग्णाचे नशीब असे नसते. १९९६ साली दिल्लीत डेंग्यूची मोठी साथ आली, तेव्हा चारशेहून अधिक माणसे दगावली होती.

डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती हा डास गटारात वाढत नाही. त्याला साचलेले, पण स्वच्छ पाणी लागते. त्याच्या अंगावर व पायांवर पांढरे पट्टे असतात. तो दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्तापूर्वी. पडद्यामागे, पलंगाखाली, खुंटीवर लोंबणाऱ्या कपड्यांत तो दडून बसतो. तो फार लांब उडत जात नाही. म्हणजे आपल्याला चावलेला डास बहुधा आपल्याच घरात किंवा शेजाऱ्याच्या घरात जन्मलेला असतो!

नगरपालिकेने धूर मारला नाही, अशी तक्रार आपण करतो. धुराने फक्त उडणारे डास मरतात. तो धूर कूलरच्या टाकीत किंवा फ्रीजच्या मागे शिरत नाही. ते काम घरच्यांचेच आहे.

आठवड्याचा हिशेब

पाणी मिळाल्यावर अंड्यापासून उडणारा डास तयार होण्यास उन्हाळ्या-पावसाळ्यात साधारण सात ते दहा दिवस लागतात. म्हणून आठवड्यातून एकदा सर्व पाणी काढून भांडे कोरडे केले, तर डास तयार होण्याआधीच साखळी तुटते. यालाच आरोग्य खाते 'कोरडा दिवस' म्हणते.

पण नुसते पाणी ओतून देणे पुरेसे नाही. मादी आपली अंडी पाण्याच्या रेषेलगत, भांड्याच्या ओलसर भिंतीवर चिकटवते. ही अंडी पाणी आटले तरी मरत नाहीत. कित्येक महिने तशीच तग धरतात आणि पुन्हा पाणी भरले की त्यांतून अळ्या बाहेर पडतात. जूनमध्ये न घासता माळ्यावर टाकलेला कूलर पुढच्या मार्चमध्ये अंड्यांसह खाली उतरू शकतो. म्हणून घासणे महत्त्वाचे.

कूलरची सफाई

१) प्रथम बटण बंद करा आणि पिनही सॉकेटमधून काढा. हे विसरू नये. लोखंडी पत्र्याचा कूलर, टाकीत पंप, खाली ओली फरशी आणि अनवाणी पाय, हा मेळ जीवघेणा आहे. चालू कूलरमध्ये पाणी भरताना शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसे प्राणास मुकतात. कूलरला तीन पिनांचाच प्लग हवा व घराचे अर्थिंग चांगले हवे. वीज गळती होताच प्रवाह तोडणारे ३० मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवून घेतल्यास उत्तम. कोणाला शॉक लागल्यास त्याला हाताने ओढू नका. आधी मेन स्विच बंद करा.

२) टाकीतले सगळे पाणी काढा. अळ्या दिसल्या तर ते पाणी नालीत न ओतता कोरड्या मातीवर, उन्हात ओता. जिथे नळ चार-पाच दिवसांआड येतो, तिथे पाणी ओतून देणे जिवावर येते. तेव्हा दाट फडक्यातून गाळून ते झाडांना घाला आणि फडके कडक उन्हात वाळवा.

३) टाकीच्या चारही भिंती, कोपरे आणि विशेषतः पाण्याच्या रेषेचा पट्टा काथ्याने व धुण्याच्या पावडरीने खसखसून घासा. क्षारांचा पांढरा थर असेल, तर लिंबूसत्त्वाचे पाणी लावून अर्ध्या तासाने घासा. पंपाची जाळीही धुवा. मग टाकी पूर्ण वाळू द्या.

४) गवत दरवर्षी बदला. जुन्या गवतात धूळ व बुरशी साचते. त्याचा वास तर येतोच, शिवाय दमेकऱ्यांना त्रास होतो.

५) पावसाळा लागताच कूलर घासून, वाळवून, झाकून ठेवा. गच्चीवर टाकलेल्या मोडक्या कूलरच्या टाकीत पावसाचे पाणी साचते. ती पालथी घाला किंवा भंगारात द्या.

फ्रीज, एसी आणि फिल्टर

फ्रीजमधील वितळलेल्या बर्फाचे पाणी मागच्या ट्रेमध्ये उतरते. कॉम्प्रेसरच्या उष्णतेने ते आटावे अशी योजना असते. पण दमट हवेत ते पुरते आटत नाही. आठवड्यातून एकदा पिन काढून फ्रीज पुढे घ्या. ट्रे निघत असेल तर काढून घासा. निघत नसेल तर स्पंजने पाणी टिपून आतील भिंती पुसून घ्या. त्याच वेळी मागच्या जाळीवरची धूळ झटकली, तर विजेचीही बचत होते.

फ्रीज आतून पुसण्यासाठी लिटरभर कोमट पाण्यात दोन चमचे खाण्याचा सोडा पुरतो. दाराच्या रबराच्या घड्यांत काळी बुरशी धरते, तिथे जुना टूथब्रश फिरवा. बर्फ सुरीने खरवडू नका, नळी फुटते.

एसीच्या नळीखाली ठेवलेली बादली रोज रिकामी करा. पाण्याच्या फिल्टरची टाकी आठवड्याला धुवा. त्यातील कँडल साबण न लावता, वाहत्या पाण्याखाली मऊ ब्रशने घासावी. पाण्याच्या ड्रमला घट्ट झाकण नसेल तर कापड बांधा.

ताप आलाच तर

एकदम चढलेला जोराचा ताप, डोळ्यांच्या मागे दुखणे, अंग व सांधे ठणकणे, अंगावर पुरळ ही डेंग्यूची लक्षणे होत. घरातली कोणतीही वेदनाशामक गोळी परस्पर घेऊ नका. अ‍ॅस्पिरिन व आयब्रुफेन यांनी रक्तस्राव वाढू शकतो. तापासाठी पॅरासिटामॉल, तेही डॉक्टरांनी सांगितलेल्या प्रमाणात. पाणी, ताक, पेज, मीठ-साखरेचे पाणी भरपूर द्या.

ताप उतरला म्हणजे संकट टळले, असे समजू नका. ताप उतरताना व त्यानंतरचे एक-दोन दिवसच जास्त जोखमीचे असतात. पोटात सतत दुखणे, वारंवार उलट्या, हिरड्या किंवा नाकातून रक्त, लघवी कमी होणे, हातपाय गार पडणे, रोगी मलूल होणे, यांपैकी एक जरी लक्षण दिसले तर लगेच रुग्णालय गाठा.

या सर्व सफाईला आठवड्यातून एक तास पुरे. गृहिणीवर आधीच कामांचा भार असतो. तेव्हा फ्रीज ओढणे आणि टाकी घासणे हे काम रविवारी घरातील पुरुषांनी व मोठ्या मुलांनी अंगावर घ्यावे. आणि जमल्यास शेजाऱ्यांनाही त्याच दिवशी कोरडा दिवस पाळायला सांगावे. डासाला कुंपण अडवत नाही.