भिंगाची पट व नारळावरील कोळी

अलिबागपासून श्रीवर्धनपर्यंतच्या बागाईतदारांस नारळाच्या देंठाजवळील तपकिरी, भेगाळलेले चट्टे परिचयाचे आहेत. कोणी दोष खाऱ्या वाऱ्यास देतो, कोणी पाण्याच्या तुटीस. परंतु असे चट्टे पुष्कळदां इरिओफाईड कोळ्याचे असतात. हा कोळी भारतांत प्रथम १९९८ सालीं केरळांत आढळला. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारें पंचमांश. तेव्हां खरें कारण ठरविण्यास भिंग हवें.

भिंगावर ‘१०×’ असें कोरलेलें असतें, त्याचा अर्थ काय? वस्तु डोळ्यापासून २५ सेंटिमीटरवर धरिली असतां जेवढी दिसते, तिच्या दसपट लांब व दसपट रुंद ती भिंगांतून दिसते. म्हणजे क्षेत्र शंभरपट होतें. ही पट घरींहि तपासतां येते. उन्हांत भिंग धरून सूर्याचा ठिपका भिंतीवर अगदीं बारीक करावा, भिंगापासून भिंतीपर्यंतचें अंतर मोजावें आणि २५ ला त्या सेंटिमीटरांनीं भागावें. अंतर अडीच आल्यास पट दहा होय. मात्र भिंगांतून सूर्याकडे कदापि पाहूं नये.

दोनचार महिन्यांचें कोंवळें फळ काढून त्याची देंठाजवळील टोपी अलगद सोडवावी. भिंग डोळ्याशीं धरावें व स्पष्ट दिसेपर्यंत फळच जवळ आणावें. उजेड बाजूनें असावा. दुधाळ, लांबट, मंद हालणारे कण दिसले तर तो हाच कोळी. त्यांत कांहीं मोठे, चपटे व चपळ जीव आढळल्यास ते बहुधा त्यांस खाणारे शिकारी कोळी, म्हणजे आपले मित्र समजावेत. जून फळ पाहून निर्णय करूं नये. तेथें चट्टा राहतो, पण कोळी निघून गेलेला असतो.

भिंगाचीहि मर्यादा आहे. सुपारीवरील कोळे रोगाचें नांव सारखें असलें तरी तो कोळ्याचा नव्हे, बुरशीसारख्या जीवाचा रोग आहे. त्याचे बीजाणु ओळखण्यास सूक्ष्मदर्शक यंत्रच लागतें. त्या यंत्रांतहि सुमारें दीड हजार पटीपलीकडे नवें कांहीं दिसत नाहीं. अस्पष्ट चित्रच मोठें होतें, कारण प्रकाशाच्या लहरींहून फार बारीक तपशील प्रकाशानें उलगडत नाहीं.

म्हणून औषध फवारण्यापूर्वीं निरनिराळ्या माडांचीं कांहीं कोंवळीं फळें भिंगाखालीं पाहावींत. शत्रु न ओळखतां मारलेल्या औषधानें पैसा जातो, आणि मित्रहि मरतो.