ऐकता येईल असा मेल

जानेवारीतल्या गड्ड्याच्या यात्रेच्या सुमारास सोलापुरातला चादर-टॉवेलवाला बाहेरगावच्या गिऱ्हाइकांना सवलतीचा मेल पाठवतो. रीत ठरलेली: रंगीत बॅनर करून घ्यायचा, भाव, सूट, पत्ता सगळं त्यातच कोंबायचं आणि ते चित्र मेलमध्ये चिकटवायचं. दृष्टिहीन गिऱ्हाइकाला मात्र स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या प्रोग्रॅमवर) एवढंच ऐकू येऊ शकतं: ‘आयएमजी 20250114 डब्ल्यूए 0007’. चादर नाही, भाव नाही.

म्हणून बॅनर बाजूला ठेवा, आधी मजकूर टाइप करा. तोही युनिकोडमध्येच. आपल्याकडे छापखान्यातून जुन्या फॉन्टमधली फाइल येते आणि तीच सरळ पेस्ट होते. कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमधलं ‘सोलापूर’ आत मुळात इंग्रजी अक्षरांचं असतं. स्क्रीन रीडर ते ‘एल के एस वाय के आय डब्ल्यू जे’ असं वाचू शकतो. फॉन्ट कन्व्हर्टर मोफत मिळतात. रूपांतर केल्यावर जोडाक्षरं एकदा डोळ्यांखालून घाला. मेल एचटीएमएलमध्ये करणाऱ्याला भाषेच्या खुणेत ‘एमआर’ लिहायला सांगा, म्हणजे वाचणाऱ्या यंत्राला मराठी आवाज निवडता येतो.

विषयाच्या ओळीत ‘खुशखबर!!!’ नको. ‘मयूरपंख चादरींवर 31 जानेवारीपर्यंत सूट’ असं लिहा. इमोजीची माळ लावू नका, प्रत्येक इमोजीचं नाव मोठ्याने वाचलं जातं.

आता चित्र. आउटलुकमध्ये चित्रावर उजवी क्लिक केली की ऑल्ट टेक्स्टचा, म्हणजे चित्राच्या वर्णनाचा, पर्याय मिळतो. तिथे ‘चादर’ एवढंच लिहून भागत नाही. ‘लाल-काळी डबल चादर, काठाला मोरपिसांची नक्षी’ असं लिहा. घेणाऱ्याला हवं ते हेच. आपल्या प्रोग्रॅममध्ये सोय नसेल तर हीच ओळ चित्राखाली टाका. लुकलुकणारी जाहिरात तर नकोच. सेकंदाला तीनपेक्षा जास्त वेळा लखलखणाऱ्या चित्राने काहींना झटका येऊ शकतो.

रंगांचा सोस आवरा. पांढऱ्यावर पिवळी अक्षरं धड दिसणाऱ्यालाही वाचवत नाहीत. अक्षर आणि पार्श्वभूमीतला फरक निदान 4.5 : 1 असावा, मोठ्या अक्षरांना 3 : 1 चालतो, मोजायची साधनं इंटरनेटवर फुकट आहेत. ‘लाल अक्षरातल्या मालावर सूट’ असं लिहिलंत तर रंगांधळा माणूस काय शोधणार? त्या मालापुढे ‘सूट’ हा शब्द लिहा. ओळींत मोकळी जागा ठेवा, नाहीतर वेलांट्या-उकार एकमेकांत घुसतात.

‘इथे क्लिक करा’ काढून ‘टॉवेलचं दरपत्रक पाहा’ करा, कारण स्क्रीन रीडर वापरणारे बरेचदा नुसत्या लिंकांची यादी ऐकतात. दरपत्रक स्कॅन केलेली पीडीएफ असेल तर तेही चित्रच. वर्डमधून थेट पीडीएफ काढा. शेवटी नुसता फोन नंबर देऊ नका. कर्णबधिर गिऱ्हाइकाला मेलला उत्तर देता आलं पाहिजे. ‘नो-रिप्लाय’ पत्ता वापरणं हा उद्धटपणाच आहे.

पाठवण्यापूर्वी तो मेल स्वतःला पाठवा. अँड्रॉइडच्या सेटिंग्जमध्ये ॲक्सेसिबिलिटीत टॉकबॅक हा स्क्रीन रीडर असतो, आयफोनवर व्हॉइसओव्हर. चालू करण्याआधी बंद कसं करायचं ते पाहून ठेवा: टॉकबॅकमध्ये एका टॅपने वस्तू निवडली जाते, दोन टॅपनी उघडते, आणि नवखा तिथेच अडकतो. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे. डोळे मिटून ऐका. भाव, शेवटची तारीख, ऑर्डरचा मार्ग कळला तर मेल तयार.

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात 29 लाखांहून अधिक दिव्यांगांची नोंद आहे. 30 एप्रिल 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. तो निकाल बँकांच्या केवायसीबद्दलचा होता, पण दुकानदाराने नोटिशीची वाट कशाला पाहावी? पुढचा मेल पाठवण्याआधी रोज स्क्रीन रीडर वापरणाऱ्या एखाद्याकडून तो तपासून घ्या, आणि त्या कामाचे पैसे द्या.