आबांची नोट आणि बोलणारा फोन



आमच्या आबांना दिसत नाही. काचबिंदूने त्यांचे दोन्ही डोळे गेले. तरी ते वासरू हात लावून ओळखतात. पायाच्या आवाजावरून कोण आलं ते सांगतात. पण नोट ओळखता येत नव्हती. दिवाळीच्या आधी बाजारात त्यांनी २०० ची समजून ५०० ची नोट दिली. घेणाऱ्याने मुकाट्याने ठेवून घेतली. घरी हिशेब जुळेना. त्या दिवसापासून आबांनी बाजाराची पिशवी हातात धरली नाही. "पैशाचं तुम्हीच बघा," म्हणाले.

आबा चुकले कसे, ते मी मोजून पाहिले.

साहित्य : मोजपट्टी, घरातल्या नोटा.

कृती : प्रत्येक नोट सपाट ठेवून लांबी मोजली. आबा म्हणाले, "पट्टी कशाला लावायलीस बाई?" मी म्हणाले, "थांबा आबा, सांगते."

निरीक्षण :
१० रुपये – १२३ मिलिमीटर
२० रुपये – १२९
५० रुपये – १३५
१०० रुपये – १४२
२०० रुपये – १४६
५०० रुपये – १५०

अनुमान : २०० आणि ५०० च्या नोटेत फक्त ४ मिलिमीटरचा फरक आहे. रुंदी तर दोन्हींची ६६ मिलिमीटरच. २०१६ च्या आधी ५०० ची नोट १६७ आणि १०० ची १५७ मिलिमीटर होती. म्हणजे पूर्ण १ सेंटिमीटर फरक. तो बोटांना कळायचा.

नव्या नोटांवर उठावाच्या खुणा आहेत. १०० वर त्रिकोण व कडेला ४ तिरप्या रेघा. २०० वर ४ रेघा व दोन गोल. ५०० वर गोल ठसा व ५ रेघा. पण नोट जुनी झाली की खुणा झिजतात. आणि आबांची बोटे शेतात काम करून राठ झालेली.

ही अडचण एकट्या आबांची नाही. मुंबईला नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था आहे. ती १९५२ साली निघाली. नव्या नोटा व नाणी ओळखता येत नाहीत म्हणून या संस्थेने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. पुढे १ जानेवारी २०२० रोजी रिझर्व्ह बँकेने 'मनी' नावाचे अॅप काढले. ते फुकट आहे. काकांनी ते आबांच्या फोनात घेतले.

पण न दिसणाऱ्या माणसाने फोन चालवायचा कसा? फोनच्या सेटिंगमध्ये 'टॉकबॅक' असते. ते चालू केले की फोन बोलतो.

१) पडद्यावर बोट ठेवले की तिथे काय आहे ते फोन सांगतो. उघडत नाही.
२) उघडायचे असेल तर दोनदा टकटक करायचे.
३) पुढच्या नावावर जायला बोट उजवीकडे सरकवायचे.
४) फोनची भाषा मराठी केली तर तो मराठीत बोलतो.

नंतर 'मनी' उघडून कॅमेऱ्यासमोर नोट धरायची. नोट किती रुपयांची ते फोन बोलून सांगतो. नोट अर्धी दुमडलेली असली, उजेड कमी असला तरी चालते. एकदा अॅप घेतले की इंटरनेट लागत नाही.

लक्षात ठेवा : नोट खरी की खोटी हे अॅप सांगत नाही. नाणीही सांगत नाही. नाणी आबा बोटानेच ओळखतात.

पहिले चार दिवस आबांना जमेना. बोट भलतीकडेच जायचे. "हे माझ्यानं व्हायचं नाही," म्हणून त्यांनी फोन उशीखाली ठेवला. मग मी रोज शाळेतून आल्यावर त्यांच्याजवळ बसले. त्यांचे बोट धरले नाही, नुसते "उजवीकडं आबा, उजवीकडं" म्हणाले. आठव्या दिवशी त्यांनी एकट्याने पाच नोटा ओळखल्या. एकही चुकली नाही.

आता आबा पिशवी घेऊन बाजारात जातात. मी सोबत असते. पण नोट तेच काढतात, फोनला ऐकवायला लावतात आणि मगच देतात. दुकानदारही ऐकतो.

करून पाहा : डोळ्यांवर रुमाल बांधा. २०० आणि ५०० ची नोट हातात घ्या आणि ओळखा. मी दहा वेळा केले. सहा वेळा चुकले.

– इयत्ता ४ थी, जि. प. प्राथमिक शाळा, ता. उमरी