कॉस्टको, सॅम्स की बीजेज? आधी फीचा हिशेब मांडा

अमेरिकेत नवं बिऱ्हाड थाटलं की पहिल्या महिन्यातच कोणीतरी सांगतं, ‘कॉस्टकोचं कार्ड काढून घ्या.’ सल्ला वाईट नाही, पण तो बहुधा दोन गाड्या आणि दोन मुलं असलेल्या घरातून येतो. तुमचं घर तसं आहे का, ते आधी बघा.

कॉस्टको, बीजेज आणि सॅम्स क्लब ही वर्षाची फी भरलेल्या सभासदांसाठीची घाऊक दुकानं. 2025 मध्ये साध्या कार्डाची वर्षाची फी कॉस्टकोत 65 डॉलर, बीजेजमध्ये 60 आणि सॅम्स क्लबमध्ये 50 होती. वरच्या दर्जाचं कार्ड अनुक्रमे 130, 120 आणि 110. कॉस्टको मालावर साधारण 14-15 टक्क्यांपेक्षा जास्त नफा चढवत नाही. तिच्या नफ्याचा मोठा भाग या फीतून येतो. म्हणजे स्वस्ताई खोटी नाही, फक्त तिचे पैसे तुम्ही वर्षाच्या सुरुवातीलाच मोजलेले असतात.

वरच्या कार्डावर खरेदीच्या 2 टक्के परत मिळतात, आणि काउंटरवर तेच गळ्यात मारायचा प्रयत्न होतो. कॉस्टकोचे जादा 65 डॉलर सुटायला वर्षाला 3,250 डॉलरची, म्हणजे महिन्याला सुमारे 270 ची खरेदी हवी. सॅम्स आणि बीजेजमध्ये जादा 60 डॉलरसाठी महिन्याला 250. कॉस्टकोत पेट्रोल आणि फूड कोर्टचं खाणं या 2 टक्क्यांत धरत नाहीत, हे कोणी आपणहून सांगत नाही. दोघांच्या शाकाहारी घराला हा आकडा गाठणं कठीण. डायपरवाल्या घरात तो सहज ओलांडला जातो. साध्या कार्डाने सुरुवात करा, चार महिन्यांच्या पावत्या बघा, मग ठरवा.

साध्या कार्डाची फी वसूल करायला पेट्रोल पुरतं का? बाहेरच्या पंपापेक्षा गॅलनमागे 25 सेंट कमी पडतात असं धरलं, तर 12 गॅलनच्या टाकीमागे 3 डॉलर वाचतात. बावीस टाक्यांत कॉस्टकोची फी निघाली. मात्र पंप जायच्या-यायच्या वाटेवर हवा आणि रांगेत उभं राहायची तयारी हवी.

आपल्या स्वयंपाकघराचा खरा फायदा लोण्यात आहे. बिनमिठाच्या बटरचा 4 पौंडांचा खोका म्हणजे सुमारे 1.8 किलो. अमेरिकी नियमानुसार बटरमध्ये किमान 80 टक्के स्निग्धांश असतो, त्यामुळे बेरी वजा जाता 1.4 किलोच्या आसपास तूप निघतं. इंडियन स्टोअरमधल्या बरणीचा भाव पौंडावर आणून याच्याशी ताडून बघा. बदाम, काजू, दूध, बासमती यांचंही गणित बहुतेक जमतं. पोहे, साबुदाणा, गोडा मसाला यांसाठी इंडियन स्टोअरची फेरी मात्र चुकत नाही, तेव्हा ‘सगळं एकाच ठिकाणी’ ही आशा सोडा. आणि वर्षाचं धान्य भरायची घरची सवय इथे अक्रोडांना लावू नका. ते खवट होतात. मोठी पिशवी घेतलीच तर फ्रीझरमध्ये टाका. पालकाचा भला मोठा डबा तर दोघांच्या घरात निम्मा कचऱ्यात जातो, आणि मग तो कसला स्वस्त?

तिघांतलं कोणतं? माझं मत विचाराल तर जे घराजवळ आहे ते. पाऊण तास गाडी हाकून वाचवलेले डॉलर पेट्रोलमध्येच जातात. अंतर सारखं असेल तर बारकावे बघा. बीजेज मुख्यतः पूर्वेकडच्या राज्यांत आहे, पण कंपन्यांची कूपनं घेतं. बाकीचे दोघे घेत नाहीत. सॅम्समध्ये फोनवर माल स्कॅन करून तिथेच पैसे भरता येतात, शनिवारच्या गर्दीत हे मोठं सुख. कॉस्टकोच्या दुकानात क्रेडिट कार्ड फक्त व्हिसाचं चालतं, डेबिट असेल तर प्रश्न नाही. टीव्ही-लॅपटॉप परत करायला तिथे 90 दिवस मिळतात.

एकाच पत्त्यावर राहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीला जोडकार्ड फुकट मिळतं, त्यामुळे दोन रूममेटनी दोन फी भरू नयेत. निर्णय होत नसेल तर ओळखीच्या सभासदाकडून कॉस्टकोचं शॉप कार्ड, म्हणजे पैसे भरलेलं भेटकार्ड, घ्या; त्यावर बिगरसभासदालाही दुकानात खरेदी करता येते. फार्मसीतून प्रिस्क्रिप्शनची औषधं घ्यायला तर सभासदत्व लागतच नाही. आणि कार्ड काढून पस्तावलात, तर कॉस्टको आणि सॅम्स दोन्हीकडे सभासद-काउंटरवर फी परत मागता येते.