बाळाचे मन : पाळण्यापासून पाटीपर्यंत

चार वर्षांत आपण इंजिन खोलतो, सर्किट जोडतो, काँक्रीटचे ठोकळे दाबून फोडतो. पण सुट्टीत घरी गेल्यावर बॅग खाली ठेवायच्या आत जे पोट्टं पायाला बिलगतं, त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, यावर आपल्याला एकही पेपर नाही. मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने बालमानसशास्त्रावर लिहावे हे काहींना विचित्र वाटेल. वाटू द्या. मला ते का वाचावे लागले, ते पुढे येईलच.

जन्मलेल्या बाळाचा मेंदू वजनाने मोठ्या माणसाच्या मेंदूच्या जेमतेम पाव असतो. दुसऱ्या वर्षापर्यंत तो पाऊण होतो आणि पाच-सहा वर्षांत सुमारे नव्वद टक्के. म्हणजे मोठे बांधकाम शाळेत नाव घालण्याआधीच उरकलेले असते! बाळ कोरी पाटी घेऊनही येत नाही. नवजात बाळ आईचा आवाज इतर बायकांच्या आवाजातून ओळखते, हे 1980 साली अमेरिकेत प्रयोगाने दिसले. त्याला स्पष्ट दिसते ते फक्त वीस-तीस सेंटिमीटरपर्यंत, म्हणजे मांडीवरून आईच्या तोंडापर्यंत. आठव्या महिन्याच्या सुमारास दोन गोष्टी घडतात. खुळखुळा पदराखाली लपवला तर बाळ पदर ओढून तो शोधते. दिसत नाही ती वस्तूही असतेच, हे त्याला कळू लागते. आणि आजवर कोणाच्याही कडेवर जाणारे लेकरू पाहुण्याला पाहून भोकाड पसरते. पाहुणे रागावतात, पण ही प्रगतीची खूण आहे. आपले कोण आणि परके कोण, हे त्याला उमगले.

आपल्या गोंदिया जिल्ह्यात जुलै-ऑगस्टमध्ये धानाची रोवणी लागली की आई दिवसभर बांधीत चिखलात उभी असते. लेकरू धुऱ्यावर झाडाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत, नाहीतर घरी आजीजवळ. मग त्याच्या मनावर वाईट परिणाम होतो का? इंग्लंडच्या जॉन बोल्बी यांनी आई आणि मुलाच्या बंधावर फार भर दिला. पण त्यांच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांनी 1950 च्या दशकात युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन पाहिले, तेव्हा तिथेही बाया शेतात राबत होत्या आणि मुलांचा जीव एकापेक्षा जास्त माणसांवर जडलेला होता. मुलाला हवे असते ते रडल्यावर धावून येणारे, रोज तेच, ओळखीचे माणूस. एरिक्सन यांनी पहिल्या वर्षाची मुख्य कमाई 'विश्वास' मानली ती याच अर्थाने. आपल्या आज्यांनी हे पुस्तक न वाचता केले, एवढेच मी म्हणेन.

दीड-दोन वर्षांनंतर खरी गंमत सुरू होते. 'मी करतो', 'नाही', 'माझं' या तीन शब्दांनी घर हैराण. चौथ्या वर्षी 'काहून?' 'पाऊस काहून येते? बैलाले शिंग काहून?' स्विस शास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी स्वतःच्या तीन मुलांचे निरीक्षण करून एक मोठी गोष्ट सांगितली. मूल म्हणजे कमी माहिती असलेला मोठा माणूस नव्हे. त्याची विचार करण्याची रीतच निराळी असते. दोन ते सात या वयात एका वस्तूला दुसरी वस्तू मानण्याची शक्ती येते. आपला तान्हा पोळाच बघा. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं लाकडी बैल सजवून घरोघर फिरवतात. चार वर्षांचे पोरगे त्या बैलाला चारा घालते, तो थकला म्हणून थांबते. लाकूड आहे हे त्याला पक्के ठाऊक असते, तरीही तो बैल असतो. जी शक्ती लाकडाला बैल मानते तीच पुढे काळ्या रेघेला 'क' मानते आणि 'एक्स'ला संख्या मानते. म्हणून 'खेळ पुरे, अभ्यास कर' हे वाक्य त्या वयात मला तरी निरर्थक वाटते.

आता माझे कारण. आमच्या घरी पोवारी बोलतात. भावाच्या मुलाला साडेतीनव्या वर्षी एका इंग्रजी नर्सरीत घातले आणि दोन महिन्यांत निरोप आला, 'मुलगा बोलत नाही, मंद दिसतो.' घरी हाच पोट्टा आजीचे कान किटवतो! वहिनी दोन दिवस जेवली नाही. मग मी लायब्ररी गाठली. अनोळखी भाषेत टाकलेली पुष्कळ मुले आधी काही आठवडे, कधी काही महिने गप्प राहतात. ती ऐकत असतात, साठवत असतात. हा मंदपणा नव्हे. (घरच्या भाषेतही मूल दोन वर्षांचे होऊन दोन शब्द जोडत नसेल, हाकेला वळत नसेल, तर मात्र कान तपासून घ्यावेत आणि डॉक्टरांना दाखवावे. तिथे वाट पाहू नये.) रशियाचे वायगॉट्स्की म्हणत की मूल भाषेच्या आधारानेच विचार करायला शिकते. मग तोच आधार दाराबाहेर काढून ठेवायला लावला तर पोराने विचार कशाने करायचा? पोवारी असो की देवरी-सालेकसा भागातली गोंडी, प्रश्न तोच आहे. 2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेत शिकवावे, असे म्हटले आहे.

आपल्या महाराष्ट्रात हे फार आधी ओळखले होते. ताराबाई मोडक यांनी अनुताई वाघ यांना सोबत घेऊन 1945 साली बोर्डीला ग्राम बालशिक्षण केंद्र सुरू केले. 1957 मध्ये ते काम डहाणूजवळ कोसबाडला गेले. वस्तीतली मुले बालवाडीत येईनात, तर बाई बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. माँटेसरीची महागडी साधने परवडत नव्हती, म्हणून खडे, शिंपले, पाने, बिया यांवर मोजणे आणि रंग शिकवले. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळा कुरणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द आपण रोज वापरतो, पण त्यातले 'अंगण' कुठून आले ते विसरतो. देशभरातील सरकारी बालविकास योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी 33 प्रकल्पांनी सुरू झाली, ती त्यानंतर तीस वर्षांनी.

पुतण्या आता गावच्या अंगणवाडीत जातो. सेविकाबाई पोवारीत बोलतात, मराठी गाणी शिकवतात. दोन्ही भाषांत भांडतो.

सात ते अकरा या वयाबद्दल थोडक्यात. आता मूल नियमाने खेळते, मित्र जोडते, 'मला जमते' किंवा 'मी ढ आहे' हे ठरवू लागते. या वयात चिकटलेला 'ढ' पुढे व्हायवाच्या टेबलापर्यंत सोबत येतो, हे आपल्या हॉस्टेलवर मी पाहिले आहे.

दिवाळीला घरी जाल तेव्हा पियाजे यांचा एक प्रयोग तांदळावर करून बघा. दोन सारख्या वाट्यांत सारखे तांदूळ घ्या. एका वाटीतले उंच गिलासात ओता आणि विचारा, 'जास्त कशात?' पाच वर्षांचे पोरगे बहुधा गिलास दाखवेल. आठ वर्षांचे हसून सांगेल, 'सारखेच तर आहेत!' पण दोघांना वेगवेगळे बसवून विचारा, नाहीतर मोठा लहान्याला उत्तर सांगून टाकतो.