‘सिली’ म्हणजे मूर्ख नव्हे : कोसाडच्या बोलीतून एक शब्दविचार

‘सर, गणितात दोन मार्क गेले, सिली मिस्टेक झाली.’ हे वाक्य आज मराठी विद्यार्थ्याच्या तोंडी सहज येते. त्यातला ‘सिली’ हा शब्द आता परका राहिलेला नाही. त्याचा मराठी अर्थ विचारला, की विद्यार्थी शब्दकोशातला पहिला प्रतिशब्द सांगतो : मूर्ख. पण बेरजेत हातचा विसरणारे मूल मूर्ख असते का? प्रतिशब्द चुकला, तर केवळ भाषांतर बिघडत नाही; मुलाने स्वतःला काय समजावे, तेही बिघडते. म्हणून या शब्दाचा थोडा सविस्तर विचार करू.

हा विचार करायला सुरतजवळचे कोसाड ही सोयीची जागा आहे. तापीच्या उत्तरेला, अमरोलीलगत असलेल्या या भागात मराठी कुटुंबे राहतात. सुरतेतल्या मराठी वस्तीचा मोठा भाग खानदेशातून, जळगाव-नंदुरबारच्या रेल्वेमार्गाने, कामधंद्यासाठी आलेला आहे. घरात खानदेशी वळणाची मराठी, रस्त्यावर गुजराती आणि हिंदी, वर्गात इंग्रजी. त्यामुळे एकाच मुलाच्या कानावर दिवसभरात ‘येडा’, ‘गांडो’, ‘पागल’ आणि ‘सिली’ हे चारही शब्द पडतात.

प्रथम ‘सिली’चे मूळ पाहू. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ ‘सुखी, धन्य’ असा होता. जर्मनमधला त्याचा भाऊबंद ‘झेलिग’ आजही ‘धन्य’ याच अर्थाने वापरतात. इंग्रजीत मात्र अर्थ पायरीपायरीने उतरत गेला : धन्य, मग निष्पाप, मग बिचारा, मग दुबळा आणि शेवटी बावळट. निष्पापपणाची थोडी छटा अजून उरली आहे, म्हणूनच इंग्रजीत हा शब्द लाडानेही वापरता येतो. क्रिकेटमधला ‘सिली पॉइंट’ही असाच. फलंदाजाच्या इतक्या जवळ उभे राहणे हा वेडेपणा, एवढेच त्या नावात आहे. तिथे उभ्या असलेल्या खेळाडूच्या बुद्धीवर त्यात शेरा नाही.

असा प्रवास आपल्याकडेही झाला आहे. संस्कृतातल्या ‘मुह्’ या एकाच धातूपासून मूढ, मुग्ध आणि मोह हे शब्द आले. ‘मूर्ख’ही त्याच कुळातला मानतात. ‘मूढ’ खाली उतरला, ‘मुग्ध’ वर चढला. मुलीचे नाव ‘मुग्धा’ ठेवताना तिच्या नावाचे मूळ अजाणतेपणात आहे, हे कोणाच्या मनातही येत नाही. ‘मूर्ख’ हा शब्द मात्र मराठीत कठोरच राहिला. समर्थ रामदासांनी ‘दासबोधा’च्या दुसऱ्या दशकाचा पहिला समास मूर्खलक्षणांना दिला आणि शेवटचा पढतमूर्खाच्या लक्षणांना. शिकलेला असूनही तसे न वागणारा तो पढतमूर्ख. म्हणजे मूर्खपणा हा आचरणाचा दोष ठरला, आणि ‘मूर्ख’ म्हणणे हा निवाडा ठरला. ‘सिली’मध्ये असा निवाडा नसतो.

मग ‘सिली’च्या जवळचा शब्द कोणता? पहिला उमेदवार ‘वेडा’. आई रडणाऱ्या मुलाला जवळ घेऊन म्हणते, ‘वेड्या, असं रडतात का?’ इथे ‘वेड्या’चा अर्थ ‘माझ्या बाळा’ इतकाच आहे. ‘नाटकवेडा’, ‘पुस्तकवेडा’ या शब्दांत तर कौतुकच आहे. वेड म्हणजे काही कमी असणे नव्हे, काही जास्त असणे. याच शब्दाचा आणखी एक उपयोग लक्षात घेण्यासारखा आहे. ‘वेडा राघू’ हा पक्षी राघूसारखा हिरवा, पण राघू नव्हे. तो माश्या पकडून खातो. ‘वेडी बाभूळ’ दिसायला बाभळीसारखी, पण ती बाहेरून आलेली वेगळीच वनस्पती. इथे ‘वेडा’ म्हणजे ‘तसा दिसणारा, पण तो नव्हे’. इंग्रजीतही सोन्यासारख्या चमकणाऱ्या एका खनिजाला ‘मूर्खाचे सोने’ म्हणतात.

याच वेड्या बाभळीला गुजरातीत ‘गांडो बावळ’ म्हणतात. वेडा आणि गांडो : विशेषण तेच, कल्पना तीच. गुजराती आईही मुलाला ‘गांडा’ म्हणून जवळ घेते. पण नव्याने सुरतेत आलेल्या मराठी कानाला हा शब्द एका अश्लील शब्दाच्या जवळचा वाटतो, आणि शेजारणीच्या मायेची शिवी होते. हा अर्थाचा नव्हे, ध्वनीचा गैरसमज आहे. ‘गांडो म्हणजे आपला वेडा’ एवढे एकदा सांगितले, की तो मिटतो.

वेड आणि धन्यता यांचे नाते सांगणारी परंपराही याच पट्ट्यात सापडते. महानुभाव पंथाचे प्रवर्तक चक्रधरस्वामी हे परंपरेनुसार भरुचचे, म्हणजे सुरतच्या शेजारचे. गुजरातेतून आलेल्या या पुरुषाने मराठीला आपल्या पंथाची भाषा केली. त्यांचे गुरू ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू. त्यांचे वागणे पाहून लोक त्यांना वेडे, पिसे म्हणत, आणि तेच लोक त्यांना ईश्वरही मानत. इंग्रजी ‘सिली’ने धन्य ते बावळट हा प्रवास काही शतकांत केला, ऋद्धिपुरात ही दोन्ही टोके एकाच माणसाच्या ठायी होती.

एका शब्दावर मात्र मराठी आणि गुजराती यांचे पूर्ण एकमत आहे : ‘ढ’. ब्राह्मी लिपीपासून आजवर ज्याचे रूप फारसे बदललेच नाही, ते हे अक्षर. म्हणून न शिकणारा तो ‘ढ’, अशी त्याची व्युत्पत्ती सांगतात. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांवरच्या ‘ढ’ याच नावाच्या गुजराती चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आहे. शब्द गमतीचा, पण वर्गात तो एकदा चिकटला की सुटत नाही. ‘वेडा’ वागण्याला लागतो आणि निघून जातो; ‘ढ’ माणसालाच लागतो.

आता मूळ प्रश्नाकडे. ‘सिली’ला एकच मराठी शब्द शोधणे हीच चूक आहे. ‘सिली मिस्टेक’ म्हणजे वेंधळेपणाची चूक. ‘वेंधळा’ या शब्दात लक्ष नसणे आहे, बुद्धी नसणे नाही. ‘सिली प्रश्न’ म्हणजे बावळट प्रश्न. ‘सिली कल्पना’ म्हणजे खुळी कल्पना. ‘डोन्ट बी सिली’ला ‘वेडेपणा करू नकोस’, किंवा नुसते ‘काहीतरीच काय!’ पुरते. भोळा, खुळा, वेंधळा, बावळट, वेडा, मूर्ख, ढ हे शब्द विद्यार्थ्यांकडून सौम्य ते कठोर अशा क्रमाने लावून घ्यावेत आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न विचारावा : हा शब्द कोण, कोणाला, कोणत्या स्वरात म्हणू शकतो? अर्थ शब्दकोशात मिळेल, पण हे उत्तर मुलांना आपापल्या घरातूनच आणावे लागेल. कोसाडच्या मुलांना ते दोन-तीन भाषांतून आणता येते, ही त्यांची जमेची बाजू आहे.